ठिपके आणि रेघा

सार्वजनिक कार्यांच्या निमंत्रणपत्रिका मी फार बारकाईनं वाचतो. वर श्रीगणेश, त्याखाली अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, आणि मग दोन रकान्यांत दाटीवाटीनं बसवलेले 'कार्यकारिणी सदस्य'. अशी चांगली चाळीसपंचेचाळीस नावांची पत्रिका खिशात घालून प्रत्यक्ष कार्याला जावं, तर मांडवात घाम पुसताना तीनच माणसं दिसतात. एक खुर्च्या मोजत असतो, दुसरा माइकवाल्याशी हुज्जत घालत असतो आणि तिसरा, ज्याचं नाव पत्रिकेत छापायचं राहूनच गेलेलं असतं, तो पाहुण्यांसाठी नारळ आणायला सायकलवरून गेलेला असतो. हे तिघं त्या दिवशी तापानं झोपले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न पत्रिकेतल्या पंचेचाळीस जणांपैकी एकालाही पडत नाही.

जगात काही विद्वानांना मात्र हा प्रश्न पडतो. नुसता पडत नाही, ते त्यावर प्रबंध लिहितात. फक्त त्यांचा मांडव वेगळा आहे. तो आहे कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम फुकट लिहून फुकट वाटणाऱ्या लोकांचा. या प्रकाराला 'ओपन सोर्स' म्हणतात. म्हणजे असं समजा, की एखाद्या हलवायानं मिठाई तर फुकट वाटलीच, वर तिची कृतीही दुकानाच्या दारावर लावली आणि खाली लिहिलं, 'घरी करा, शेजाऱ्यांना द्या, वेलदोडा कमी वाटला तर कृतीत दुरुस्ती सुचवा.' असा हलवाई आपल्या गावात निघाला तर लोक त्याला डॉक्टरकडे नेतील. पण १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्‌स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं नेमकं हेच केलं. आपण हौस म्हणून एक लहानशी गोष्ट करतो आहोत, ती काही फार मोठी व्हायची नाही, असंही त्यानं तेव्हा नम्रपणे कळवून ठेवलं होतं. त्या हौसेचं नाव पुढे लिनक्स पडलं, आणि आज जगातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात ती बसलेली आहे. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो ते एरवी वेगळ्या अर्थानं. इथं ते शब्दशः खरं ठरलं.

या मंडळींचा एक गुण मला फार आवडला. ते दप्तर चोख ठेवतात. कुठली ओळ कुणी लिहिली, कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, सगळं नोंदलेलं. हे दप्तर ठेवणारा 'गिट' नावाचा प्रोग्रॅमही टोरवाल्ड्‌स यांनीच २००५ साली लिहिला. त्यात ओळ लिहिणाऱ्याचं नाव वेगळं नोंदतात आणि ती दप्तरात दाखल करून घेणाऱ्याचं वेगळं. आपल्या एखाद्या संस्थेत अशी पद्धत सुरू झाली तर अर्ध्या अध्यक्षांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

आता इतकं चोख दप्तर उघड्यावर पडलेलं पाहून विद्वान गप्प बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी काय केलं, तर प्रत्येक माणसाचा एक ठिपका काढला. दोन माणसांनी एकाच फायलीला हात लावला असेल, किंवा एकानं दुसऱ्याच्या पत्राला उत्तर दिलं असेल, तर त्या दोन ठिपक्यांमध्ये एक रेघ. पुन्हा लावला, रेघ जाड. अशी शेकडो माणसांची एक रांगोळी तयार होते, आणि तिच्याकडे बघून कोण कुणाबरोबर काम करतं, कुठं टोळकं जमलं आहे, कोण दोन टोळक्यांमधला पूल आहे, कोण कोपऱ्यात एकटाच आहे, हे सांगता येतं. हे शास्त्र आपल्याकडे लग्नघरातल्या आत्याबाईंना पूर्वापार अवगत आहे. पंगतीत कोण कुणाशेजारी बसला आणि कोण मुद्दाम पाणी प्यायला उठला, एवढ्यावरून त्या दोन घराण्यांचा तीन पिढ्यांचा आलेख मांडून देतात. त्यांना फक्त त्याबद्दल डॉक्टरेट मिळत नाही.

अर्थात या रांगोळीत खडे आहेत, आणि विद्वान प्रामाणिक असल्यानं ते स्वतःच दाखवून देतात. पहिला खडा नावांचा. एकच गृहस्थ कचेरीतून एका पत्त्यावरून लिहितो, घरून दुसऱ्या, आणि नोकरी बदलली की तिसऱ्या. दप्तराला ती तीन माणसं वाटतात. २००६ साली अपाची या प्रकल्पातल्या पत्रव्यवहाराचं जाळं मांडताना अभ्यासकांना आधी ही एकाच माणसाची अनेक नावं जुळवत बसावं लागलं. ज्या समाजात एकाच माणसाला घरी बंड्या, शाळेत चंद्रकांत, आणि मामाकडे 'आमचा बापू' म्हणतात, त्या समाजातल्या वाचकाला याचं नवल वाटायला नको. दुसरा खडा यंत्रांचा. काही ठिपके माणसं नसतातच. ठरावीक दुरुस्त्या आपोआप करणारे प्रोग्रॅम असतात. रात्रंदिवस खपणारा, कधी रजा न घेणारा, कुणाशी न भांडणारा एखादा आदर्श कार्यकर्ता रांगोळीच्या मध्यभागी तळपताना दिसावा आणि चौकशी केल्यावर तो यंत्र निघावा, यात मला एक गंभीर सूचना दिसते. पण ती सध्या बाजूला ठेवू.

तिसरा खडा मला जास्त टोचतो. एकाच फायलीला दोघांनी हात लावला म्हणजे त्यांनी सहकार्य केलं का? या हिशेबानं वाचनालयातल्या पुस्तकात समासात 'वा!' लिहिणारा आणि त्याखाली 'यात वा काय आहे?' लिहिणारा हे दोघं सहकारी ठरतात. कधी ते असतातही. पण कधी एकानं घातलेली ओळ दुसऱ्यानं चिडून काढून टाकलेली असते, आणि रांगोळीत मात्र त्यांच्यामध्ये ठसठशीत रेघ उमटते. भाऊबंदकीचाही आलेख काढला तर तो प्रेमाच्या आलेखासारखाच दिसेल.

तरीही या रांगोळीनं एक गोष्ट निर्विवाद दाखवून दिली, ती माझ्या निमंत्रणपत्रिकेचीच. अपाची हा वेबसाइटी चालवणारा प्रोग्रॅम. त्याचा अभ्यास २००० च्या सुमाराला झाला. त्यात हात लावलेली माणसं जवळजवळ चारशे, आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त काम केलेली माणसं पंधरा. एरिक रेमंड नावाच्या लेखकानं १९९७ साली या फुकट कामाला बाजाराची उपमा दिली होती: जुनी पद्धत म्हणजे शांतपणे बांधलेलं भव्य मंदिर, आणि ही म्हणजे गजबजलेला बाजार. उपमा फार गाजली. पण रांगोळी पाहिली की बाजारात गिऱ्हाइकांची गर्दी असते आणि गाळे पंधराच असतात, असं काहीसं दिसतं. २००५ साली दोघा अभ्यासकांनी असे १२० प्रकल्प तपासले, तेव्हा काहींत सगळ्या रेघा एकाच ठिपक्याला जाऊन मिळत होत्या, काहींत सगळीकडे पसरल्या होत्या. प्रकल्प जितका मोठा, तितका तो एकाच्या ताब्यात कमी राहतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे ओपन सोर्सची अशी एकच एक तऱ्हा नाही. संस्थानंही आहेत आणि पंचायतीही.

यावर 'बाकीचे आळशी असतात' असं म्हणून मोकळं होण्याचा मोह मलाही होतो. पण त्यात अन्याय आहे. फ्रेड ब्रूक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९७५ साली एक पुस्तक लिहून सांगून ठेवलं, की उशीर झालेल्या प्रोग्रॅमच्या कामावर आणखी माणसं लावली तर त्याला आणखी उशीर होतो. कारण साधं गणित आहे. पाच माणसांत जोड्या होतात दहा, दहा माणसांत पंचेचाळीस आणि पन्नास माणसांत बाराशे पंचवीस. प्रत्येक जोडी म्हणजे एक बोलणं, आणि एक गैरसमज. दहा जणांच्या कुटुंबानं महाबळेश्वरला जायचं की अलिबागला, हे ठरवताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ब्रूक्स यांचं पुस्तक वाचायची गरज नाही. तेव्हा थोड्यांनी पुष्कळ करणं हा नेहमीच बाकीच्यांचा दोष नसतो. कधी ती कामाचीच जात असते.

प्रश्न उरतो तो त्या थोड्यांचं काय, हा. विद्वानांनी त्यालाही एक माप शोधलं आहे आणि त्याचं नाव 'ट्रक फॅक्टर' आहे. किती माणसं ट्रकखाली सापडली म्हणजे प्रकल्प बंद पडेल, तो आकडा. विनोदाची ही जात मला अमेरिकन वाटते. आपण 'बरंवाईट झालं तर' म्हणून भागवलं असतं. २०१६ साली १३३ लोकप्रिय प्रकल्पांचं हे माप काढण्यात आलं, तेव्हा त्यांतल्या ६५ टक्क्यांचा आकडा एक किंवा दोन निघाला. म्हणजे जगाचा पुष्कळसा कारभार अशा माणसांवर चालला आहे, ज्यांनी रस्ता ओलांडताना फार जपलं पाहिजे.

हे तुम्हाआम्हाला लांबचं वाटतं, तसं ते नाही. फोनवर मराठी वाचताना जोडाक्षरं जुळून येतात, वेलांटी उडी मारून व्यंजनाच्या आधी जाऊन बसते आणि रफार आपल्या डोक्यावरच्या जागी चढतो, ते आपोआप होत नाही. हे काम करणारा 'हार्फबझ' नावाचा फुकटचा प्रोग्रॅम आहे. अँड्रॉइड फोनमध्येही तो आहे. नाव फारसी आहे. त्यातला 'हर्फ' म्हणजे आपण 'एक हरफही काढला नाही' म्हणतो, तोच हरफ. आपण सकाळी 'सुप्रभात'पासून रात्री श्राद्धाच्या निरोपापर्यंत सगळी जोडाक्षरं त्याच्याकडून फुकट जुळवून घेतो, आणि त्याच्या नावानं एक हरफही काढत नाही.

तर मग आपण या लोकांचं काही देणं लागतो का? कायद्यानं विचाराल तर काही नाही. त्यांच्या परवान्यांतच लिहिलेलं असतं, की वस्तू आहे तशी देत आहोत, हमी कसलीही नाही. त्यांनी मागितलं नाही, आपण दिलं नाही; व्यवहार पुरा. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असं आपल्याकडे म्हणतात. पण इथं गंमत अशी, की गाय फुकट नेणारे दात तर मोजतातच. शिवाय दूध वेळेवर का येत नाही, म्हणून दात्यालाच दटावणारी पत्रं लिहितात. २०१४ च्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' या नावानं गाजलेली एक चूक सापडली. ती 'ओपन-एसएसएल' या प्रोग्रॅममध्ये होती, आणि तो म्हणजे इंटरनेटवरच्या असंख्य दारांचं कुलूप. मोठमोठ्या कंपन्या ते फुकट वापरत होत्या. चौकशीअंती कळलं, की या कुलुपावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता आणि वर्षाकाठी त्यांना देणग्या मिळत होत्या सुमारे दोन हजार डॉलर. मग कंपन्यांनी घाईघाईनं वर्गणी काढली. घराला आग लागल्यावर बंबवाल्याच्या मुलाचं शिक्षण कितवीपर्यंत झालं, याची आस्थेनं चौकशी करावी तसा तो प्रकार होता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ च्या मार्चमध्ये एका प्रोग्रॅमरचं एका कंपनीशी नावावरून भांडण झालं, आणि त्यानं रागावून आपले अडीचशेच्या वर लहानमोठे प्रोग्रॅम सार्वजनिक भांडारातून काढून घेतले. त्यांत एक अकरा ओळींचा होता. शब्दाच्या डावीकडे हवी तेवढी रिकामी जागा भरणं, एवढंच त्याचं काम. त्या अकरा ओळींवर विसंबलेले हजारो प्रोग्रॅम जगभर अडून बसले. भांडारवाल्यांनी काही तासांतच त्या ओळी, मालकाला न विचारता, परत आणून ठेवल्या. म्हणजे धर्मात दिलेली गाय दात्यानं परत नेली, आणि गावानं ती त्याच्या गोठ्यातून सोडवून आणली. कोण चुकलं? दिलेलं परत घेऊ नये हे खरं. पण गावाला त्या गाईची आठवण ती गेल्यावर झाली, हेही खरं. माझं मत विचाराल तर मला दोघांचाही राग येतो, पण गावाचा थोडा जास्त.

आता शेवटचा किस्सा. त्यात या सगळ्या रांगोळीविद्येची परीक्षा आहे. 'एक्स-झेड' नावाचा एक प्रोग्रॅम आहे. मोठ्या फायली दाबून लहान करणं हे त्याचं काम. आईनं सुटकेसवर बसून ती बंद करावी, त्यातला प्रकार. तो सांभाळणारा गृहस्थ एकटा. वर्षानुवर्षं बिनपगारी. २०२२ साली त्याला अनोळखी नावांची पत्रं येऊ लागली: काम फार हळू चाललंय, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. त्या बिचाऱ्यानं उत्तर दिलं, की माझी मनाची तब्येत बरेच दिवस ठीक नाही, आणि हे काम मी बिनपगारी हौसेनं करतो हे ध्यानात असू द्या. अशा वेळी देवासारखा धावून आला तो जिया टॅन. हा आधीपासूनच छोट्यामोठ्या दुरुस्त्या पाठवत होता. नम्र, मेहनती, तक्रार नाही. दोन वर्षांत तो जवळजवळ भागीदार झाला, आणि किल्ल्या त्याच्याही हातात आल्या.

रांगोळीवाल्यांनी या प्रकल्पाकडे तेव्हा पाहिलं असतं, तर त्यांना आनंद झाला असता. एकट्या ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका आला होता, मध्ये जाड रेघ होती, ट्रकचा आकडा एकावरून दोनावर गेला होता. प्रकृतीत सुधारणा. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत या दुसऱ्या ठिपक्यानं प्रोग्रॅममध्ये एक चोरदरवाजा बसवला. तो सगळीकडे पोचला असता तर जगातल्या पुष्कळ कॉम्प्युटरांत त्याला परस्पर शिरता आलं असतं. जिया टॅन हा खरा कोण, की ती अनेक माणसं होती, हे आजतागायत उघड झालेलं नाही. दटावणारी पत्रंही त्याच गोटातून आली असावीत, असा दाट संशय आहे. म्हणजे छळणाराही तोच आणि सांत्वनाला येणाराही तोच.

मला यात छळणारा प्रश्न असा, की त्यानं दोन वर्षं केलेल्या कामाचं काय म्हणायचं? त्यातलं बरंचसं काम चांगलं होतं. आपल्याकडे निष्काम कर्माचा महिमा फार; फळाची आशा न धरता काम करावं म्हणतात. या गृहस्थानं तर पगार, मान, आभार कशाचीच आशा दाखवली नाही. बाहेरून पाहिलं तर तो निष्काम कर्मयोग्याचा वस्तुपाठच. कामाच्या ओळीत हेतू दिसत नाही, मग तो ओळखायचा कशावरून?

आपली रीत ठरलेली आहे. खोली भाड्यानं देताना आपण 'कुणाचे कोण?' विचारतो. मूळ गाव, मामा कोण, कुणाच्या ओळखीनं आलात. या पद्धतीनं जिया टॅन उंबऱ्यावरच अडला असता. पण या पद्धतीनं हेलसिंकीतला तो एकवीस वर्षांचा पोरगाही अडला असता. त्याला तरी कोण ओळखत होतं? ओपन सोर्सवाले मामा विचारत नाहीत, काम दाखवा म्हणतात. एवढं रामायण होऊनही मला त्यांचीच रीत जास्त माणुसकीची वाटते. चोर दारातून आला म्हणून दाराला दोष द्यावा हे मला पटत नाही. दोष द्यायचाच तर तो आळीला द्यावा. आत माणूस एकटा आहे, थकला आहे, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. ते ऐकून मदतीला गेला तो फक्त चोर. आपल्यापैकी कुणी नाही.

आणि चोर सापडला कसा, तेही ऐका. आंद्रेस फ्रॉइंड नावाचे एक इंजिनीअर. त्यांचा एक्स-झेडशी काही संबंध नव्हता. ते भलत्याच प्रोग्रॅमचं काम करत होते. त्यांच्या ध्यानात आलं, की दूरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! आपण असतो तर चहा ठेवायला उठलो असतो. ते उठले नाहीत. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत काढत चोरदरवाजापर्यंत पोचले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळ्यांना ओरडून सांगितलं. माग काढता आला, कारण कृती दारावर लावलेली होती. ज्यांना कुलूप लावून आत लिहायची सवय आहे, त्यांच्याकडे तो अर्धा सेकंद अजून तसाच राहिला असता.

म्हणजे त्या एक्स-झेडच्या रांगोळीत शत्रूचा ठिपका चांगला मध्यभागी होता, जाड रेघेसकट. आणि मित्राचा ठिपका नव्हताच. त्याची आणि त्या थकलेल्या माणसाची रेघ तोवर कुणी ओढलेलीच नव्हती. ती ओढायला कुठल्या फायलीला हात लावावा लागतो, हे अजून तरी विद्वानांना सापडलेलं नाही.

तो मूळचा गृहस्थ परत कामाला बसला. दुसऱ्यानं हात लावलेली एकेक ओळ त्यानं पुन्हा तपासली, चोरदरवाजा उपटून काढला, आणि २०२४ च्या मे महिन्यात स्वच्छ केलेला प्रोग्रॅम पुन्हा सगळ्यांना देऊन टाकला. फुकट.